अन्वीची तपासणी

मंगळवार, २ सप्टेंबर

पोचले. गुडघे मात्र विमानातच राहिलेत बहुतेक. माझा लेक सिद्धेश म्युनिकला घ्यायला आला होता. तिथून मोटारीने तासभर. इंगोलश्टाटच्या अलीकडचं लहानसं गाव आहे, नाव लिहायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोनदा खोडलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून, आणि एका गावाचं नाव लिहिता येऊ नये! असो. व्हिसा नव्वद दिवसांचा आहे, तोवर शिकेन.

अन्वी नऊ वर्षांची झाली. तीन वर्षांनी पाहिली. दारात मी हात पुढे केले, तर ती माझ्या बाजूने निघून गेली आणि माझ्या बॅगेची चाकं फिरवत बसली. इथल्या डॉक्टरांनी तिला ऑटिझम म्हणून लिहून दिलंय. फलटणला मी हा शब्द कुणाला सांगितलेला नाही. नात अबोल आहे, हुशार आहे, एवढंच सांगते. ते काही खोटं नाही.

सून वाळली आहे. म्हटलं, "कादंबरी, जेवतेस की नाही गं?" तर म्हणाली, "जेवते ना आई. उभ्या उभ्या."

शुक्रवार, ५ सप्टेंबर

रिकामी बॅग ठेवायला तळघरात गेले, तर तिथे मिक्सर सापडला. जुन्या गोधडीत बांधून ठेवलेला. मीच दिला होता लग्नानंतर. मनात म्हटलं, आजकालच्या मुलींना वाटणघाटण नकोच असतं. वर आणला, पुसला, खोबऱ्याच्या चटणीसाठी लावला.

पुढे जे झालं ते लिहायला हात होत नाही, पण रोजनिशीत खोटं लिहायचं नाही हा माझा नियम आहे. अन्वी किंचाळली. भिंतीवर डोकं आपटू लागली. मनगट इतकं चावलं की रक्त आलं. मग दाराकडे धावली. ती पळून जाऊ नये म्हणून दाराला एक छोटं यंत्र लावलंय, दार उघडताच ते ठणाणा वाजलं तशी आणखी बिथरली. कादंबरी कामावरच्या फोनवर होती, तो टाकून आली, तिला जाड दुलईत गुंडाळून तिच्याशेजारी जमिनीवर आडवी झाली. चाळीस मिनिटं.

पोर झोपल्यावर कादंबरीने एक जांभळी फाइल काढली आणि त्यात लिहिलं. वेळ, कारण, किती मिनिटं, काय काय केलं. मी विचारलं हे कशासाठी. "युगेंडाम्टला दाखवायला लागतं आई. नाहीतर मदत बंद करतात." युगेंडाम्ट म्हणजे जिल्ह्याचं मुलांसाठीचं ऑफिस. आपल्या पोटच्या पोरीचं उणं तारीखवार लिहायचं आणि परक्यांना वाचायला द्यायचं! झाकली मूठ सव्वा लाखाची, हे हिला माहेरी कुणी शिकवलेलं दिसत नाही.

मिक्सर तळघरात गेला. चटणी खलबत्त्यात केली. माझं चुकलंच, पण मला कुणी सांगितलं होतं?

मंगळवार, १६ सप्टेंबर

शाळा उघडली. मीही सोडायला गेले. फाटकाशी पन्नाशीची एक उंच बाई उभी होती, फ्राउ केसलर. अन्वीने काही न बोलता तिच्या जाकिटाची बाही धरली आणि दोघी आत गेल्या. ही तिची सोबतीण. जर्मन शब्द जिभेला पेलत नाही, म्हणून मी सोबतीण म्हणते. वर्गात शेजारी बसायचं, संडासला न्यायचं, गोंगाट वाढला की बाहेर घेऊन यायचं, मधल्या सुट्टीत नजर ठेवायची. एका पोरीसाठी अख्खी बाई! माझ्या वर्गात अठ्ठावन्न पोरं होती आणि सोबतीला खडू.

येताना कादंबरीने सगळं समजावून सांगितलं. ही बाई शाळेची नाही. युगेंडाम्ट एका संस्थेशी करार करतं आणि संस्था बायका पाठवते. आता नवं टेंडर निघालं, जुनी संस्था गेली आणि दुसरी आली. नव्या करारात एका शाळेतल्या तीन-चार मुलांत मिळून एकच सोबतीण. ज्याला स्वतंत्र लागते त्याला मिळेल, पण ते घरी येऊन, मूल पाहून ठरवणार. आमच्याकडे २ ऑक्टोबरला येणार.

"म्हणजे तपासणी," मी म्हटलं.

सिद्धेश म्हणाला, "तपासणी नाही गं आई. गरज किती आहे ते बघणार."

तेच ते. नाव काही का द्या. माझ्या कारकिर्दीत तपासणीचा एकही वाईट शेरा शाळेला मिळालेला नाही. आठ दिवस आधी चुना मारायचा, वह्या तपासून ठेवायच्या, पुढच्या बाकांवर तरतरीत पोरं, आणि मागच्या चार-पाच जणांना निरोप, उद्या आला नाहीत तरी चालेल. साहेब खूश झाला की शाळेला खोल्या मिळायच्या. ज्याचं चांगलं दिसतं त्यालाच सरकार देतं, हे मी एकतीस वर्षं पाहिलंय. आणि २ ऑक्टोबरला दसरा आहे!

गुरुवार, १८ सप्टेंबर

कामाला लागले. कादंबरी दुपारी दोन ते पाच आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून काम करते. तेवढा वेळ अन्वी आणि मी.

मी दाराबाहेर जाते, घंटा वाजवते. घंटा वाजली की तिने खुर्चीवर बसायचं, हात मांडीवर. मी आत आले की "गूटन टाग, इश हाइसं अन्वी," म्हणजे नमस्कार, माझं नाव अन्वी. जमलं की राजगिऱ्याची एक वडी. आज अकरा वेळा झालं, एकदाही जमलं नाही. बाराव्यांदा बसली. मला रडू आलं. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर तेवढं जर्मनमध्ये देते.

मंगळवार, २३ सप्टेंबर

कोण म्हणतं हिला शिकवता येत नाही? पाच दिवसांत नाव-वय सांगणं, ग्लासात पाणी ओतून पाहुण्याला देणं, बुटाची नाडी. डोळ्यात डोळे घालून बघत नाही ही शाळेची तक्रार. त्याला मी तोड काढली. सांगितलं, माणसाच्या कपाळाकडे बघायचं, टिकली लावतात तिथे. समोरच्याला वाटतं डोळ्यांतच बघतेय.

कादंबरीने आतून येऊन विचारलं, "आई, सारखी घंटा कोण वाजवतंय?" म्हटलं, खेळतोय आम्ही.

सराव झाला की पोर पलंगाखाली जाऊन बसते, तास-तासभर. दमत असेल. फ्रॉकची कॉलर चावून चावून तिचा चोथा केलाय. परवापासून अंथरूणही ओलं करतेय. थंडी पडायला लागली आहे.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

पार पडलं! माझ्या आयुष्यातली सगळ्यात देखणी तपासणी.

सकाळी घर आवरलं. भिंतीला डोकं आपटून पडलेल्या खड्ड्यांवर कॅलेंडर लावलं. फ्रिजवर दिवसभराच्या कामांची चित्रं चिकटवलेली होती, ती काढली, बालवाडी वाटते. दाराचं ते ठणाणा करणारं यंत्र सिद्धेशकडून काढवलं. तो का-कू करत होता, मी म्हटलं, पाहुणी आत येतानाच बोंब मारायची का? आणि जांभळी फाइल मी माझ्या पलंगाच्या पेटीत चादरींखाली ठेवली.

त्या बाईंचं नाव फ्राउ राइंडल. चाळिशीच्या, साध्या, चेहऱ्याने मायाळू. घंटा वाजली आणि अन्वी खुर्चीवर. हात मांडीवर. कपाळाकडे बघून नाव सांगितलं, वय सांगितलं. पाणी दिलं, थेंब सांडला नाही. नाडी बांधली. नाव लिहून दाखवलं. मी शिरा केला होता, फ्राउ राइंडलनी दोनदा घेतला.

कादंबरीची मीटिंग लांबली, ती वीस मिनिटांनी बाहेर आली आणि दारातच थिजली. मग जर्मनमध्ये भराभर बोलायला लागली. फाइल शोधू लागली. कपाट, टेबल, पुन्हा कपाट. मी शिरा वाढत राहिले. सिद्धेश लेकीकडे जसा बघत होता, तसा मी त्याला तिच्या जन्मापासून बघितलेला नाही. राइंडलबाईंनी त्याला काही विचारलं. तो हसून म्हणाला, हो, खूपच प्रगती आहे. एवढं जर्मन मला कळलं.

त्या गेल्यावर मी फाइल काढून दिली. कादंबरीने ती हातात घेतली आणि मला म्हणाली, "आई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. सणासुदीच्या दिवशी न जेवता झोपली. लेकीचं कौतुक झालेलंही हिला बघवत नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

पत्र आलं. निकालाच्या पत्राला बेशाइड म्हणतात. कादंबरीने मोठ्याने वाचलं आणि एकेक वाक्य मराठीत सांगितलं, माझ्याकडे न बघता.

मुलगी आनंदी, संवादी, सूचना पाळणारी. नजर देते. घरात विशेष सुरक्षेच्या उपायांची गरज दिसली नाही. वडिलांच्या मतेही लक्षणीय प्रगती. म्हणून स्वतंत्र सोबतीण मंजूर करता येत नाही. शाळेतल्या तीन मुलांत मिळून एक पुरेशी आहे. सोमवारपासून.

फाइल कादंबरीने दुसऱ्याच दिवशी पाठवली होती. तिच्याबद्दल एक ओळ आहे: कागदपत्रं पाहिली, पण सध्याची स्थिती प्रत्यक्ष भेटीत दिसली ती.

मी म्हटलं, "पण इतकं चांगलं लिहिलंय की तिच्याबद्दल!"

सिद्धेश उठून गॅलरीत गेला. कादंबरी म्हणाली, "गेनाऊ, आई. तेच तर. चांगलं लिहिलंय."

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. घरात कुणी कुणाशी बोलत नाही. फ्राउ केसलर काल निरोप घेऊन गेल्या, त्यांना दुसरीकडे काम मिळालंय. नवी बाई तरुण आहे, तिच्याकडे तीन वर्गांतली तीन मुलं. अन्वीने सकाळी फाटकाशी बराच वेळ वाट पाहिली. कुणाची, ते काही बोलली नाही.

अंथरूण रोज ओलं. आता थंडी म्हणवत नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर

काल झालं. काल लिहिता आलं नाही.

सोबतीण दुसऱ्या वर्गात होती. अन्वी एकटी संडासला गेली. तिथे हात वाळवायचं वाऱ्याचं यंत्र आहे, मिक्सरसारखा आवाज करतं. केसलरबाई तिला कायम दुसऱ्या मजल्यावर न्यायच्या, जिथे हात पुसायला कागद आहेत. नव्या बाईला हे कुणी सांगितलं नव्हतं. कोणत्या तरी मुलीने यंत्राखाली हात धरला आणि अन्वी धावत सुटली. जिना, पटांगण, फाटक, रस्ता. सामान पोचवणारी गाडी होती. ड्रायव्हरने ब्रेक दाबला म्हणून आज मी हे लिहितेय.

डावा हात दोन जागी मोडलाय. कपाळाला नऊ टाके. दवाखान्यात तिला बांधून ठेवावं लागलं, कारण ती पट्ट्या ओढत होती. माझी नात बांधलेली मी पाहिली.

कादंबरीने तिथल्या बाकावर बसून फाइलमध्ये लिहिलं. वेळ, कारण. मी शेजारी बसले होते. या वेळी मला त्या फाइलचा राग आला नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

शाळेने कळवलंय, स्वतंत्र सोबतीण मिळेपर्यंत अन्वीला पाठवू नका, आम्ही जबाबदारी घेऊ शकत नाही. युगेंडाम्ट म्हणतं, अपघात शाळेच्या दुर्लक्षामुळे झाला, त्याचा मुलीच्या गरजेशी संबंध नाही. हे मला कुणी समजावून सांगायला नको. आमच्याकडे शाळेचं छप्पर गळायचं तेव्हा शिक्षण खातं बांधकाम खात्याकडे बोट दाखवायचं आणि बांधकाम खातं शिक्षण खात्याकडे. पोरं भिजायची.

कादंबरीने हरकत नोंदवली आहे. राइंडलबाई पुन्हा येणार, २० तारखेला. त्यांनी याही खेपेला नकार दिला तर अन्वीला साठ किलोमीटरवरच्या निवासी शाळेत ठेवायला सांगतील. आठवड्याला एकदा घरी.

आज दुपारी मी कादंबरीला म्हटलं, "माझं चुकलं." सासूने सुनेला असं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. शब्द तोंडातून निघेपर्यंत घाम फुटला. ती भांडी लावत होती. म्हणाली, "आई, तुम्ही तिला चौदा दिवसांत जे शिकवलंत ना, ते तिच्या थेरपिस्टला दोन वर्षांत जमलं नव्हतं. त्याचंच जास्त वाईट वाटतं." मग मला चहा दिला.

मला मागच्या बाकावरची पोरं आठवताहेत. तपासणीच्या दिवशी घरी ठेवलेली. चेहरे आठवतात, दोघांची नावं आठवत नाहीत. त्यांचं काय झालं, मी कधी विचारलंच नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दारावरचं यंत्र परत लावलं. चित्रं परत फ्रिजवर. कॅलेंडर काढलं. हे सगळं मागे घेता येतं.

अन्वीला रोज सांगतेय, सोन्या, आता तसं नाही करायचं. कुणी आलं तरी तुला हवं ते कर. ती ऐकते की नाही कळत नाही. आज सिद्धेशने मुद्दाम घंटा वाजवून पाहिली. ती पलंगाखालून निघाली, खुर्चीवर जाऊन बसली, प्लास्टरचा हात मांडीवर, दुसरा त्यावर. त्याने घंटेची तारच काढून टाकली.

राइंडलबाईंना दार वाजवायला सांगणार आहोत.

गुरुवार, २० नोव्हेंबर

त्यांनी दार वाजवलं, घंटा नाही. तरी चेहरा ओळखला अन्वीने. गेली आणि बसली. "गूटन टाग, इश हाइसं अन्वी." कपाळाकडे बघून. एका हाताने पाणी ओतून दिलं. राइंडलबाईंचे डोळे भरले. म्हणाल्या, किती शूर मुलगी आहे.

कादंबरी फाइल वाचत होती, तारीख, वेळ, कारण. मीही बोलले. कादंबरीला म्हटलं, शब्दन् शब्द सांग त्यांना: हे मी शिकवलंय. मी शाळामास्तरीण आहे, मी तिला घोटवून घेतलंय, तुम्ही बघताय ते खरं नाही. कादंबरीने सांगितलं. राइंडलबाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, पण ती शिकू शकते, हे तर खरंच आहे ना? कादंबरीने मला त्याचं मराठी केलं.

मग त्या म्हणाल्या, मला तुमच्यावर विश्वास आहे. पण मी जे डोळ्यांनी पाहिलं तेच मला लिहावं लागतं. आणि वही मिटली.

मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर टॉवेल टाकलेला होता. कप ठेवायला टॉवेल सरकवला तर खाली मिक्सर. रिकामं भांडं बसवलेलं. पिन लावलेली. सकाळी मी अंघोळीला गेले तेव्हा कुणीतरी तळघरातून वर आणला होता.

मी वळून पाहिलं. बाहेर कादंबरी सोफ्यावर बसली होती. राइंडलबाई तिच्याशी बोलत होत्या आणि ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. हात मांडीवर घट्ट धरलेले. पाऊण तास झाला होता आणि ती जागची उठू शकली नव्हती. अन्वी खुर्चीवर होती. वडीची वाट बघत. आज मी दिली नव्हती.

मी बटण दाबलं.

किती वेळ धरून ठेवलं ते मला माहीत नाही. कादंबरीने नंतर फाइलमध्ये लिहिलं: कारण, मिक्सर, अकरा सेकंद. सेकंद तिने मोजले असणार. अन्वी खुर्चीसकट मागे पडली. प्लास्टरचा हात भिंतीवर आपटत होती, त्याच हाताने, पुन्हा पुन्हा. कपाळाची जखम पुन्हा उघडली. राइंडलबाईंनी मधे उशी धरली तर त्यांना चावली. सिद्धेश "आई!" म्हणून ओरडला, लहानपणी ओरडायचा तसा. एक तास दहा मिनिटं.

या सगळ्यात अन्वीने एकदाच माझ्याकडे पाहिलं. कपाळाकडे नाही. थेट.

राइंडलबाई शेवटपर्यंत थांबल्या. जाताना मला काहीतरी म्हणाल्या, सावकाश. कादंबरीने त्याचं मराठी केलं नाही आणि मी विचारलं नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

हात पुन्हा बसवावा लागला. कादंबरी आणि मी दवाखान्यात जोडीने बसलो होतो. ती म्हणाली, "मीच लावणार होते. आणून ठेवला होता."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"मला उठताच आलं नाही."

"आई आहेस. कशी उठशील?"

ती म्हणाली, "तुम्ही आजी आहात की." टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटत होतं तेच बोलली.

बुधवार, २६ नोव्हेंबर

मंजूर. पूर्ण शाळेचा वेळ, स्वतंत्र सोबतीण. पत्रात लिहिलंय, भेटीदरम्यान तीव्र संकटाचा प्रसंग प्रत्यक्ष पाहण्यात आला. कारणाबद्दल अक्षर नाही. त्या बाईंनी ते लिहिलं नाही. देव त्यांचं भलं करो.

केसलरबाई परत यायच्या नाहीत. नवी बाई मिळायला जानेवारी उजाडेल म्हणतात. तोवर कादंबरी बिनपगारी रजेवर.

मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की अन्वी कान झाकते. हातात काही असो नसो. मोडका हात कानापर्यंत पोचत नाही, मग त्या बाजूने खांदा वर घेते. म्हणून चार दिवस मी स्वयंपाकघरात जात नाही. कादंबरी माझं ताट खोलीत आणून देते. राजगिऱ्याच्या वड्यांचा डबा मी टेबलावर ठेवला होता, तिने त्याला हात लावलेला नाही. नातीने मला माफ केलेलं नाही. करूही नये, असं मला मनापासून वाटतं, आणि तसं वाटलं तरी जीव तुटायचा तो तुटतोच.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

बॅग भरून झाली. सिद्धेश गाडी काढायला गेलाय, पाचेक मिनिटं आहेत.

अन्वीच्या खोलीचं दार बंद आहे. मी येणार असले की आधी कुणीतरी आत जाऊन तिला सांगायचं, अशी आता घरात रीत पडली आहे. मी म्हटलं, राहू दे, सांगू नका, मी इथूनच जाते.

कादंबरी पत्राची घडी घालून फाइलमध्ये लावत होती. मी विचारलं, "आता झालं ना गं? आता तरी कुणी त्रास देणार नाही ना?"

"जुलैपर्यंत, आई. मंजुरी एका शाळेच्या वर्षापुरतीच असते. जूनमध्ये पुन्हा बघायला येतात."

मी हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हटलं, "मी येते जूनमध्ये. तिकिटाचं बघ. मी करीन सगळं. तुला उठायला लागायचं नाही."

तिने मान हलवली. "नको आई. तुम्हाला नुसतं पाहूनच ती कान झाकते. त्यांना वाटेल, शिकवून ठेवलंय." फाइल मिटून तिने कपाटात वरच्या फळीवर ठेवली. माझ्याकडे पाठ होती तेव्हा म्हणाली, "मी लावीन. आता सात महिने आहेत, होईल तोवर मनाची तयारी."

मग वाकून माझ्या पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला, पण आशीर्वाद कसला द्यायचा ते मला कळेना. खाली सिद्धेशने हॉर्न वाजवला.